मामी वजन उचलतात

माझ्या सासूबाईंचा मला हेवा वाटायचा. जावयाला सासूचा कंटाळा येतो, राग येतो, काही घरांत भीतीही वाटते; पण हेवा वाटल्याचं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या जाऊन आता वर्ष होत आलं. तरीही सकाळी फिरून आलो आणि पायरीवर पाय ठेवला, की आत काहीतरी जड टेकवल्याचा आवाज येईल असं वाटतं, आणि तो जुना हेवा एकदा हलून जातो.

मी त्यांना मामी म्हणायचो. मेढ्याच्या वर, डोंगराच्या पोटाशी त्यांचं गाव. सासरे लष्करातून निवृत्त होऊन आले आणि थोड्याच वर्षांत गेले. मुलगा विलास पुण्यात, मुलगी सुजाता, म्हणजे माझी बायको, सांगलीत. मामी गावात एकट्या. घर, एक म्हैस, थोडी भातशेती आणि भरपूर तोंड.

माणसाची किंमत त्या त्याच्या ताकदीवर करायच्या. कुणाची ओळख करून देताना तो काय शिकला, कुठं नोकरीला आहे हे त्यांना आठवायचंच नाही. 'ह्येच्या आज्यानं एकट्यानं जातं हलिवलं हुतं,' एवढीच ओळख. सुजाताला बघायला मी गेलो होतो तेव्हा चहा देता देता त्यांनी माझा दंड दाबून पाहिला. बैल बघावा तसा, सगळ्यांसमोर. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, 'कापूस हाय. पर माणूस बरा दिसतुया.' त्या वेळी मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकताच लागलो होतो. आजही तिथंच आहे. ऊस किती आला हे काट्यावरचा माणूस सांगतो. त्यात साखर किती आहे हे मी सांगतो. दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांसाठी भांडणारा माणूस मी. 'कापूस' हे माप मला कधीच पचलं नाही.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मामी स्वयंपाकघरात घसरून पडल्या. हाड एकही मोडलं नाही. पण पडल्या त्या पडल्या. जमिनीवरून उठताच येईना. दाराला आतून कडी. सकाळी पडलेल्या मामी दुपारी शेजारणीला मागच्या खिडकीतून दिसल्या. तोवर त्यांनी म्हशीला आतूनच शिव्या घालून गप्प ठेवलं होतं.

विलास त्यांना गाडीत घालून आमच्याकडे घेऊन आला. चहा व्हायच्या आत त्यानं निर्णय सांगितला. घराला कुलूप, म्हैस विकायची, शेत वाट्यानं द्यायचं, आणि आईनं आळीपाळीनं सांगली-पुणे करायचं.

'पडले म्हून कुलूप?' मामींनी विचारलं.

'पडलीस म्हणून नाही आई. उठता आलं नाही म्हणून. पुन्हा पडलीस तर कोण आहे तिथं?'

'आन् उठाय आलं तर?'

विलास हसला. लहान मुलाला चंद्र आणून देतो म्हणावं तसं म्हणाला, 'दिवाळीपर्यंत आपली आपण उठून दाखव. कशाला धरायचं नाही, कुणाचा हात नाही. मी स्वतः नेऊन सोडतो तुला.'

तो हे बोलून विसरला. मामी विसरल्या नाहीत.

त्याच आठवड्यात माझी कारखान्याची वार्षिक तपासणी झाली होती. डॉक्टरांनी माझ्या पोटाभोवती टेप गुंडाळली आणि तोंड वाकडं केलं. पोटावरची चरबी उतरवा, नाहीतर साखरेच्या गोळ्या सुरू करू, म्हणाले. साखरेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे लागतं. मी दुसऱ्या दिवसापासून चालायला लागलो. मगदूम अण्णा, म्हणजे आमच्या कॉलनीतले हळदीचे व्यापारी, माझ्या जोडीला. पहाटे घरून निघायचं, पुलापर्यंत जायचं, कृष्णेला एक नमस्कार करायचा आणि झपझप परत. रात्रीची भाकरी बंद. काकडी, टोमॅटो, ताक. अण्णा जैन, त्यांचं जेवण सूर्यास्ताआधी उरकलेलं असायचं, म्हणून मीही संध्याकाळचं जेवण ओढून अलीकडे आणलं. सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं.

मामींना सुजातानं फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण मुलगी. मला वाटलं होतं ती गुडघे शेकून देईल, एक मलम देईल. तिनं मामींना खुर्चीवर बसवलं आणि हात छातीशी धरून उठायला सांगितलं. मामींना उठता आलं नाही. मग तिनं खुर्चीवर एक उशी ठेवली आणि पुन्हा सांगितलं. मामी उठल्या.

'आजी, तुमचे गुडघे खराब नाहीत,' ती म्हणाली. 'मांड्या रिकाम्या झाल्यात. उशी काढता आली, की मग हातात वजन घ्यायचं.'

'वजन? ह्या वयात?'

'ह्या वयातच.'

मामींनी तिचा दंड दाबून पाहिला आणि मान डोलावली. त्यांच्या लेखी ती पदवी होती.

जिममधले डंबेल्स आणायला मामींची ना. लोखंड विकत घ्यायचं ते नांगराला, असं त्यांचं म्हणणं. तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन घरात होते. शेजारच्या बांधकामावर वाळू पडली होती. आणि वजन करायला घरात जावई होता.

'आवं जावईबापू, ह्येच्यात बरुबर दोन किलो भरा. तुमचं काम हाय त्ये.'

मी भरले. आता ओली वाळू आणि कोरडी वाळू यांत फरक पडतो. ओली वाळू आज दोन किलो भरली, तर चार दिवसांनी ती दोन किलो राहत नाही. म्हणून मी ती आधी गच्चीवर उन्हात पसरली, चाळली, मग काट्यावर घातली. दोन्ही कॅन सारखे, तोळाभराचा फरक नाही. मगदूम अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते चालता चालता थांबले. म्हणाले, 'तुमी लय भारी माणूस हाय. ज्याच्याशी शर्यत, त्याच्याच घोड्याला दाणा घालताय.'

'शर्यत कुठाय?' मी म्हणालो.

अण्णा पुन्हा चालायला लागले. पण त्या दिवसापासून पुलावर पोचलो की विचारायचे, 'मग? मामी कितीवर आल्या?'

मामी वाढत होत्या. आधी उशी गेली. मग दोन हातांत दोन कॅन घेऊन खुर्चीवरून उठबस. मग खुर्चीच्या जागी पाट. मग कॅन घेऊन पॅसेजमधून फेऱ्या. दर आठवड्याला हुकूम यायचा, 'जावईबापू, अर्धा किलो घाला.' मी घालायचो. मला चुकीचं भरता आलं असतं. पाव किलो जास्त भरलं असतं तर त्यांचा दम निघाला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण काट्याशी बेइमानी मला जमत नाही, हे माझं दुर्दैव.

घर हळूहळू त्यांच्याकडे गेलं. आधी मी फिरून यायचो तेव्हा सुजाता चहा घेऊन दाराशी असायची. आता बेल वाजवून वाजवून बोट दुखायचं. आत हॉलमध्ये मायलेकी आणि नात अशा तिघी, कॅन धरून, एका सुरात मोजत उठबस करताहेत. माझी मुलगी मुक्ता कॉलेजात होती. तिनं आजीचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि मैत्रिणींना पाठवला. माझ्या चालण्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. चालण्यात दाखवण्यासारखं काही नसतंच.

डॉक्टरीणबाईंनी मामींना सांगितलं होतं, वजन उचलायचं तर पोटभर खायचं. उसळी, डाळ, अंडी. म्हणून समोर मामींच्या ताटात दोन उकडलेली अंडी आणि मटकीची उसळ, आणि माझ्या ताटात काकडी. एकदा मी नुसतं त्या अंड्यांकडे पाहिलं असेल. मामींनी एक उचलून माझ्या ताटात टाकलं. 'खा. न्हाईतर दृष्ट लागंल मला.' सगळे हसले. मी अंडं परत ठेवलं. भूक लागली होती, तरी ठेवलं.

आणि तरीही माझ्याजवळ माझा आकडा होता. मी सात किलो उतरलो होतो. मामींचं वजन मात्र वाढलं होतं, दीड किलो. काटा खोटं बोलत नाही. एके दिवशी जेवताना मी सहज म्हणावं तसं म्हणालो, 'मी सातनं कमी झालो. मामी, तुमचं काय?'

मामी घास गिळून म्हणाल्या, 'मला काट्याचं कळत न्हाई. लुगडं नेसताना पयल्यापरास एक निरी जास्त पडती, एवढं खरं.'

नऊवारी लुगडं तेवढंच असतं. कंबर कमी झाली, की उरलेलं कापड निऱ्यांत जातं. मला हे जेवण संपेपर्यंत समजलं नाही. समजलं तेव्हा मी हात धुवायला उठलो.

त्यानंतर आष्ट्याला एक लग्न झालं. सुजाताच्या चुलतभावाच्या मुलीचं. मांडवात शिरताच मेहुणे मंडळींनी मला बाजूला घेतलं.

'दाजी, काय झालं? शुगर निघाली काय?'

'नाही. वजन कमी केलं.'

'केलं? मुद्दाम?' त्यातल्या एकानं माझ्या गालांकडे पाहिलं. 'बरं बरं. काळजी घ्या.'

त्याच वेळी बायकांच्या घोळक्यात मामी मध्यभागी उभ्या होत्या आणि दोघी-तिघींनी त्यांचे दंड धरले होते. 'आक्का, दहा वर्सं मागं गेलीस की गं,' कुणीतरी म्हणत होतं.

घरच्या माणसांची पंगत जमिनीवर होती. माझ्या समोरच्या ओळीत मामी. जेवण झालं. मामींनी दोन्ही हातांत पत्रावळ धरली, पाय पोटाशी घेतले, डुलल्या आणि उठल्या. हात न टेकता. मी शेजारच्याच्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला गेलो, तर तो दुखावून म्हणाला, 'दाजी, माणूस हाय मी, खांब न्हाई.' सुजातानं ते पाहिलं. ती हसली नाही, हेच मला जास्त झोंबलं.

माझी आई पलूसकडच्या आमच्या घरात शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. तीही अशीच एकदा बसलेली उठली नाही. आम्ही सगळ्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली: पडून राहा, विश्रांती घे. डॉक्टरही तेच म्हणाले होते. उशी ठेवून उठ, मग उशी काढू, असं तिला सांगणारं कुणी भेटलं नाही. मामी पंगतीतून उठल्या तेव्हा मला जे वाटलं, त्यातला निम्मा हेवा माझा होता आणि निम्मा माझ्या आईच्या वतीनं होता. तो निम्मा हसण्यावारी नेता येत नाही.

मला निकाल हवा होता. डॉक्टरीणबाईंकडे अंगातली चरबी आणि स्नायू वेगवेगळे दाखवणारं यंत्र होतं. मी हट्टानं मामींबरोबर गेलो आणि दोघांचं मोजा म्हणालो. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला.

'काका, तुम्ही चालताय ते चांगलं आहे. नाडी सुधारलीय, रक्तदाब सुधारलाय. आजींना जिना चढताना धाप लागते, तुम्हाला लागणार नाही. पण तुम्ही फार कमी खाऊन नुसतं चाललात. सातातले निम्म्याहून जास्त स्नायूच गेलेत. पोट बरंचसं तसंच आहे.'

'यंत्रात चूक असू शकते,' मी म्हणालो. 'पाणी जास्त प्यालं तरी आकडा हलतो.'

'असू शकते. थोडी. एवढी नाही.'

मामींचं वजन जे वाढलं होतं ते मांसाचं होतं; चरबी उतरली होती. मुक्ता बरोबर आली होती. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, 'बाबा, तोडून तीन दिवस पडलेला ऊस हलका होतो ना? मग त्याचा साखर उतारा वाढतो का हो?'

हा प्रश्न तिला मीच लहानपणी शिकवला होता. वाळलेला ऊस हलका होतो आणि त्यातली साखरही जाते. नुसत्या टनावर खूश होणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर हसत आलो आणि स्वतःच्या बाबतीत काट्यावर उभा राहून टनच मोजत होतो. मामींना यातलं काही कळलं नव्हतं. त्या रिक्षाबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, 'कोन जितलं?'

'आजी, तू,' मुक्ता म्हणाली.

'मला ठावंच हुतं.' नम्रता हा प्रकार मामींकडे नव्हताच.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी विलास आला. आईला पुण्याला न्यायला आला होता. मामींनी त्याला बसू दिलं नाही. हॉलमधला सोफा मागे सारायला लावला, सतरंजी काढायला लावली आणि उघड्या फरशीवर उताण्या पडल्या.

'बग,' म्हणाल्या.

'आई, मी गमतीनं बोललो होतो.'

'म्या न्हाई.'

मामी कुशीवर वळल्या. कोपर टेकलं, मग तळहात. मग एक गुडघा. इथंपर्यंत रोजचंच होतं. पण रोज समोर विलास नसायचा. दुसरा पाय पुढं घेताना लुगड्याचा काठ टाचेखाली सापडला आणि त्या मध्येच अडकल्या. एक गुडघा जमिनीवर, एक वर, आणि अंग थरथरतंय. सगळ्यांत जवळ मी होतो. माझा हात आपोआप पुढं गेला.

'हात लावू नगा, जावईबापू!'

मी हात मागे घेतला. त्या उठल्या नाहीत तर पुण्याची पाळी संपवून पुन्हा आमच्याकडेच येणार होत्या. अंडी, कॅन, बेल, सगळं तसंच. उठल्या तर कायमच्या गावी जाणार होत्या आणि माझं घर मला परत मिळणार होतं. मला यातलं नेमकं काय हवं होतं, याचं गणित मला तेव्हा सुटलं नाही आणि आजही सुटत नाही. मी श्वास धरून होतो, एवढं खरं.

मामींनी काठ सोडवला. तोंडानं 'आय आय आय' करत, विलासकडे रोखून बघत त्या उठल्या. उभ्या राहिल्यावर आधी लुगडं सारखं केलं.

विलासचे डोळे भरले होते. 'चल,' म्हणाला.

'कॅन घ्या गाडीत,' मामी मला म्हणाल्या. 'वाळूसकट. तितं कोन मापून दील?'

मी घेतले.

मेढ्याला त्या पुढं दोन वर्षं एकट्या राहिल्या. म्हैस पुन्हा आणली. फोनवर सुजाताशी बोलणं झालं की मला बोलवायच्या आणि विचारायच्या, 'काय, नुसतं चालताय का कायतरी उचलताय?' मी उचलायला लागलो होतो. ताणायचे रबरी बँड, वाळूच्या पिशव्या, थोडं थोडं. रात्री अर्धी भाकरी परत आली, अंडीही आली. चालणं सोडलं नाही. पोट खरंच कमी झालं. पण मामींना मी 'चालतोय' एवढंच सांगायचो. का, ते मलाही माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. त्याआधी शेवटचं पाहिलं ते दसऱ्याच्या सुमाराला. आम्ही दोघं दोन दिवस राहून सांगलीला परत निघालो होतो. गाडी अंगणात वळवून मी थांबलो, सुजाता मागच्या सीटवर तांदळाची पिशवी नीट लावत होती. गोठ्याजवळ म्हैस नुकती व्यालेली. रेडकू चिखलात फतकल मारून बसलं होतं, उठेना. मामी त्याच्याजवळ गेल्या. पाय फाकवून, पाठ सरळ ठेवून, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं खाली बसल्या. दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले आणि उभ्या राहिल्या.

मग माझ्याकडं पाहिलं. मी बघतोय याची खात्री करून घेतली.

'जावईबापू, केवढ्याचं असंल?'

मी काच खाली केली. नजरेनं अंदाज घेतला. 'पंचवीस तरी भरेल.'

'पंचवीस?' मामींनी रेडकू जरासं वर उडवल्यासारखं केलं. 'मला वाटलं पंधरा!'

सुजाता हसायला लागली. माझं मन म्हणत होतं, उतर, तुलाही जमेल, उचलून दाखव. आणि मला ठाऊक होतं, मला पंचवीस जमत नाही.

मामी वळल्या आणि गोठ्यात गेल्या. त्यांची पाठ अंधारात शिरली. दोन्ही कुशींकडून बाहेर लोंबणारी रेडकाची चिखलानं माखलेली तंगडी काही वेळ दिसत राहिली, मग तीही आत गेली.